किटल्यांएवढी वाट

सुट्टीच्या दिवशी सकाळी नगरहून सायकलवाले येतात. डोक्याला टोप, डोळ्यांवर काळे चष्मे, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. गावाच्या शेवटच्या हापशावर बाटल्या भरून घेतात आणि जुन्या गावाच्या बेटाकडं निघतात. दोन्ही अंगांना जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी, मधून भरावावरची सडक, ना मोटार ना ट्रॅक्टर. थंडीत तर पाण्यावर कुठकुठले पक्षी उतरलेले असतात. आमचं घर हापशाला लागून, त्यामुळं परत येताना ते ओट्यावर टेकतात, चहा घेतात, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच असतं, की असा शांत रस्ता अख्ख्या नेवासा तालुक्यात नाही. त्यांच्यात अश्विनी म्हणून एक डॉक्टरीणबाई आहेत. त्या म्हणाल्या, इथं आलं की मन कसं धुऊन निघतं.

मी ऐकून घेते. ही शांतता देवानं दिलेली नाही आणि सरकारनंही नाही. ती छबूबाईनं केलेली आहे आणि सुडापोटी केलेली आहे. पूजा आटोपली की वहीत दोन ओळी लिहायची माझी सवय. आज छबूबाईवर लिहिते, आणि ते दोन ओळींत बसणारं नाही.

छबूबाई लग्न होऊन आली तेव्हा धरणामुळं जुनं गाव उठून दोन-चार वर्षं झाली होती. गाव इकडं माळावर आलं. जुन्या गावठाणाची उंच पांढर तेवढी पाण्याबाहेर राहिली, तिलाच आता सगळे बेट म्हणतात. छबूबाईचे मालक सहादेवभाऊ हट्टी. गावात प्लॉट मिळाला तरी भरावाच्या शेवटाला, बेटाच्या अलीकडं, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी वस्ती केली. म्हशी पाळल्या. सकाळ-संध्याकाळ सायकलीला दोन्ही बाजूंनी किटल्या लटकवून दूध गावातल्या डेअरीत घालायचं, हेच आयुष्यभर केलं. माणूस फार बोलायचा नाही. पण रिकाम्या किटल्या सायकलीवर आपटायच्या त्यांचा आवाज पाण्यावरून लांब जायचा. तो आवाज वळणावर आला की छबूबाई तव्यावर भाकरी टाकायची. म्हणायची, "मालक दारात आणि भाकरी ताटात, एकदाच यायला पायजे."

बेटावर आणखी एकाची जमीन होती, अंगदची. नात्यानं सहादेवभाऊंचा चुलतभाऊ, छबूबाईचा दीर. उन्हाळ्यात पाणी हटलं की त्याच्या जमिनीखाली नदीची वाळू उघडी पडायची. त्यानं तिथं वाळूचा घाट सुरू केला, उन्हाळ्यात उपसलेली वाळू बेटावर साठवली, डंपर घेतले, आणि भरावाच्या सडकेवरून ते वर्षभर दिवसरात्र पळायला लागले. गावातल्या निम्म्या पोरांना त्यानं कामाला लावलं, त्यामुळं धूळ खाऊनही कुणी काही बोलायचं नाही. अंगदच्या स्वतःच्या डंपरला एक गाण्याचा हॉर्न होता. लहान पोरंसुद्धा तो ओळखायची.

पौषातली गोष्ट. दिवस मावळला होता, अंधार पडला नव्हता. छबूबाईनं तव्यावर भाकरी टाकली, कारण किटल्या वाजलेल्या तिनं ऐकल्या होत्या. मग हॉर्न वाजला. मग किटल्यांचा एकदाच मोठा आवाज झाला आणि थांबला. ती धावत गेली तेव्हा सहादेवभाऊ भरावाच्या उताराला पडले होते आणि डंपर गावाच्या दिशेनं निघून गेला होता. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. तो तवा तिनं पुन्हा चुलीवर ठेवला नाही.

हॉर्न गावानंही ऐकला होता. जबाब द्यायची वेळ आली तेव्हा मात्र कुणी शेतात होतं, कुणाचा टीव्ही चालू होता. कागदावर अज्ञात वाहन आलं. अंगदनं पारावर बसून सांगितलं, की सायकलीला दिवा नव्हता, कुणाच्याही गाडीखाली माणूस आला असता. हे त्यानं चार लोकांत म्हटलं आणि चार लोकांनी माना हलवल्या.

भाऊकीतला म्हणून अंगदनं सुतकही पाळलं. दहाव्याला डोकं करून सगळ्यांच्या पुढं बसला. काठावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण खाली उतरत नव्हते. भाऊकीतल्या एकेकानं हात जोडून सांगून बघितलं. म्हशी सांभाळू, पोराला अंतर देणार नाही, वहिनीला काही कमी पडू देणार नाही. अंगदनंही सांगितलं. तरी कावळा हलेना. शेवटी छबूबाई उठली, पिंडाजवळ वाकली, हळू काहीतरी बोलली आणि मागं सरली. तिची पाठ फिरते न फिरते तोच कावळ्यानं पिंडाला चोच लावली. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. बायकांनी विचारलं तर म्हणाली, "आमचं आमचं हुतं."

पुढं चार-पाच महिने तिनं एकटीनं म्हशी सांभाळल्या. मुलगा सुनील सुप्याच्या कंपनीत कामाला, तो म्हणायचा, आई, म्हशी विक आणि माझ्याकडं चल. ती गेली नाही. डंपर तिच्या दारावरून जायचे आणि ती दारात बसून बघायची. अंगदचा डंपर आला की उठून उभी राहायची, वडीलधाऱ्या माणसासमोर सून राहते तशी. अंगदला त्याचा त्रास व्हायला लागला असावा. तो त्या टप्प्यात हॉर्न वाजवायचा बंद झाला.

वैशाखात अंगदच्या पुतण्याचं लग्न निघालं. नेवाशाला मोठं मंगल कार्यालय घेतलेलं. भाऊकीत मान म्हणून छबूबाईकडंही पत्रिका आणि अक्षता आल्या. अंगदनं कामावरच्या सगळ्यांना सुट्टी दिली होती, टेम्पो भरभरून गाव लग्नाला गेला. मी गेले होते. जेवणाच्या पंगतीत छबूबाई दिसली नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. वर्ष झालेलं नव्हतं, येणार कशी?

त्याच दिवशी भर उन्हात तिनं आणि सुनीलनं काम उरकलं. पाणी हटलेलं होतं, त्यामुळं त्यांच्या जुन्या बुडालेल्या घराच्या जोत्याचे काळे दगड उघडे पडले होते. पहारीनं तीन मोठे दगड सुटे केले आणि लोखंडी गाड्यावर घालून म्हशींकडून ओढवत वस्तीपुढच्या सडकेवर आणले. सडकेच्या रुंदीत खड्डे घेतले आणि दगड कमरेएवढे उभे गाडले. दोन दगडांमधलं अंतर ठरवायला छबूबाईनं सहादेवभाऊंची वाकडी झालेली सायकल बाहेर काढली, तिला दोन्ही किटल्या लटकवल्या, आणि ती जेवढ्या जागेतून जाईल तेवढीच जागा सोडली. मग दगडांना तेलातला शेंदूर लावला, डोळे बसवले, लिंबू ठेवलं. आणि लग्नाच्या पत्रिकेबरोबर आलेल्या अक्षता त्यांच्यावर टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला डंपर तिथं येऊन थांबला. ड्रायव्हर पाथर्डीकडचा, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला. तो खाली उतरला, चपला काढल्या, पाया पडला, आणि डंपर उलटा घेऊन गावात आला. मालकाला म्हणाला, रस्त्यात म्हसोबा बसलाय, मी देवावर चाक घालणार नाही. तासाभरात सगळं गाव तिथं जमलं.

देव रात्रीतून उगवला असं समजण्याइतकं कुणी खुळं नव्हतं. कुणी बसवला हे त्या दगडांपुढं उभं राहिलेल्या प्रत्येकाला कळत होतं. पण बसवला कुणी याला आमच्याकडं महत्त्व नाही. बसलेला उठवायचा कुणी, हा प्रश्न असतो. घरात काही वाईट झालं की लोक पहिलं हेच आठवतात, की अमक्यानं शेंदराचा दगड हलवला होता. अंगदनं जेसीबी बोलावला, तर जेसीबीवाल्यानं यंत्र बंद करून चावी त्याच्याच हातात दिली आणि सांगितलं, हात लावायचा असेल तर तुमचा लावा.

देवाधर्माचं काही निघालं की गावातल्या बायका 'मालाला विचारा' म्हणत आधी माझ्याकडं बघतात. माझे उपास, माझी पारायणं त्यांना माहीत आहेत. त्या दिवशीही बघितलं. मी दगडांजवळ गेले, तेव्हा शेंदरात चिकटलेले पिवळे तांदूळ दिसले. आदल्या दिवशी मी तसलेच तांदूळ नवरानवरीवर टाकले होते. बाजूला छबूबाई उभी होती. मी हळूच विचारलं, काकू, हे काय केलंत?

"त्यांना शब्द दिला हुता," ती म्हणाली. "पिंडापाशी. म्हनलं, तुमचा रस्ता तुमाला मोकळा करून देते."

मी घरी गेले. पुरणाचा स्वयंपाक केला, नैवेद्याचं ताट घेऊन परत आले आणि पहिला नैवेद्य मीच दाखवला. माझ्यामागून साऱ्या आल्या. कुणी म्हणेल हे पाप आहे. मला तसं वाटलेलं नाही, आजही वाटत नाही. कोणत्याही देवाला पहिला शेंदूर कुणीतरी लावलेलाच असतो, आणि लावणाऱ्याच्या मनात काय होतं ते देव विचारत बसत नाही. जिथं माणसं खरं बोलायला भ्याली, तिथं त्यांना भिववणारं कुणीतरी बसायलाच हवं होतं.

अंगद हटला नाही. दगडांना वळसा घालून डंपर खालच्या गाळातून न्यायचा असं त्यानं ठरवलं. वरून वाळलेला, भेगा पडलेला गाळ आतून लोण्यासारखा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, पण माणूस इरेला पेटला होता. ड्रायव्हर कुणी तयार होईना, म्हणून स्वतः बसला. तोच गाण्याच्या हॉर्नचा डंपर. दगडांच्या बरोबरीला येईपर्यंत नीट आला आणि तिथं पुढची दोन्ही चाकं आसापर्यंत गेली. जेवढा रेटला तेवढा खाली गेला. ओढायला आणलेला जेसीबीही रुतायला लागला, तेव्हा त्याला आधी सोडवावं लागलं. मोठी क्रेन आणायची म्हटली तर तिला पलीकडच्या बाजूनं उभं राहायला हवं होतं, आणि पलीकडं जायला मध्ये दगड. वाळूचा धंदाच कागदाबाहेरचा, त्यामुळं कुणाकडं अर्जही करता येईना. श्रावणात नाशिककडची धरणं भरली, वरून पाणी सुटलं आणि फुगवटा रोज थोडा थोडा वर यायला लागला. छबूबाईनं दारात घोंगडी टाकली. दूध काढून झालं की ती तिथं बसायची आणि डंपर बुडताना बघायची. मी एकदा भेटायला गेले तर म्हणाली, माला, बस की, आज काचंपर्यंत आलंय.

तेव्हापासून तो डंपर तिथंच आहे. पाणी भरलं की टप तेवढा वर दिसतो. त्यावर पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसतात. सायकलवाले थांबून थांबून त्याचे फोटो काढतात.

घाट बंद पडला, दुसरे डंपर अंगदनं विकले आणि रस्ता शांत झाला. मग सायकलवाले यायला लागले, आधी दोघे-तिघे, मग घोळक्यानं. डॉक्टरीणबाईंनी एकदा छबूबाईलाच विचारलं, मावशी, हा रस्ता एवढा शांत कसा हो? छबूबाई म्हशीला पाणी पाजत होती. म्हणाली, "आमच्या मालकांमुळं." बाईंना वाटलं, मालक कुणी सरकारी मोठे साहेब असतील. त्यांनी मालकांना नमस्कार सांगितला. छबूबाईनं आत जाऊन भिंतीवरच्या फोटोला तो सांगितलाही.

गोष्ट इथं संपायची, पण अंगदच्या डोक्यात हॉटेल आलं. हे शहरातले लोक सायकलीवर येतात, उद्या मोटारी घेऊन बायकापोरांसह येतील. बेटावर झोपड्या बांधू, हुरडा पार्टी करू, होडी ठेवू. अडचण एकच, मोटार दगडांमधून जात नव्हती. या वेळी तो शहाणपणानं वागला. देव हटवायचा नाही, देवाला चांगली जागा द्यायची असं म्हणाला. सडकेच्या कडेला टाइल्स लावलेलं देऊळ, वर स्लॅब, पुढं घंटा. एका महाराजांना बोलावून मुहूर्त काढला, सायकलवाल्यांनाही निमंत्रण दिलं. गावात फार जणांना ते पटलं. बायका तर खूश झाल्या. देव उन्हातान्हात उभा होता, त्याच्या डोक्यावर छप्पर येतंय, याला नाही कोण म्हणणार? मला नाही म्हणता येत नव्हतं, आणि त्यामुळं मी रात्रभर तळमळले. दगड एकदा खड्ड्यातून निघाले की आधी मोटारी जाणार, आणि मोटारी गेल्या की वाळूलाही वाट होणार, हे मला दिसत होतं. छबूबाईला सांगायला गेले तर ती बिनघोर. फक्त विचारलं, माला, तुझ्याकडं जेजुरीचा भंडारा असेल ना, थोडा दे. मी दिला.

मुहूर्ताच्या दिवशी मांडव घातलेला, स्पीकर लावलेला. अंगद पांढरीफेक पँट आणि पांढरा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून उभा होता. महाराजांनी संकल्प सोडायला सांगितला, देव यजमानानं आपल्या हातानं हलवायचा असतो. अंगद पुढं झाला तेवढ्यात छबूबाई घरातून आली. हातात पितळी ताट, ताटात भंडारा आणि वर बेलाची पानं. ताट तिनं दगडाच्या पायाशी ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भावजी, देऊळ बांधा, चांगली गोष्ट हाय," ती म्हणाली. "पन देव हलवायचा तर हात सवळा पायजे. बेलभंडारा उचला, शपत घ्या आन् एवढंच म्हना, का या रस्त्यावर माज्या हातून मानूस मेलेलं न्हाई. म्हना आन् हलवा. मी सोता पहिली पहार मारीन."

स्पीकरवरचं गाणं कुणीतरी बंद केलं. महाराजांना काही कळेना, ते म्हणाले, त्यात काय, उचला की. अंगद हसायला गेला.

"वहिनी, ती केस तर कवाच मिटली."

"मिटली आसंल तर उचला की."

पोलिसांसमोर अंगदनं सरळ नजरेनं नाही म्हटलं होतं. पारावर चार लोकांत सांगितलं होतं, दहाव्याला डोकं करून पिंडापुढं हातही जोडले होते. आता तो वाकला. हात भंडाऱ्यावर गेला, बोटं भंडाऱ्यात टेकलीसुद्धा. आम्ही सगळे बघत होतो. त्याची म्हातारी आई लंकाबाई मांडवात पुढंच खुर्चीवर बसली होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, अंगद, घरात नातवंडं हायेत. एवढंच. अंगदनं बोटं मागं घेतली आणि नकळत पँटला पुसली. पांढऱ्या पँटवर पिवळा पंजा उमटला. मग तो म्हणाला की मुहूर्त बरोबर निघालेला नाही, पुन्हा बघू, आणि गर्दीतून निघून गेला. त्याला वाट द्यायला लोक जरा जास्तच मागं सरले.

सायकलवाल्यांना यातलं काही समजलं नाही. डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या, पूजा का थांबली? मी सांगितलं, पूजा झाली.

हॉटेल झालं नाही. भाऊकीत अंगदला लग्नाकार्याला बोलावतात, पण पुढच्या पाटावर बसवत नाहीत. बेटावरची जमीन विकायला काढली तर दगडांमुळं गिऱ्हाईक नाही, म्हणून तो स्वतःच ती कसतो. गुडघे दुखतात, चालवत नाही. मोटारसायकल घेऊन बघितली, तिचं हँडल बसलं, पण बाजूच्या लोखंडी सळ्या अडकल्या. शेवटी त्यानं सायकल घेतली. आता रोज सकाळी पलीकडं जातो, दिवस मावळायला परत येतो. दगडांपाशी उतरावं लागतं, सायकल सरळ धरून, अंग चोरून, वाकून पुढं काढावी लागते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस भक्तिभावानं देवाला वाकतोय. छबूबाई त्या वेळेला दारात बसलेली असते. ती शिवी देत नाही, तळतळाट करत नाही. रोज एकच बोलते.

"भावजी, सायकलीला दिवा लावा. आंधार पडलाय."

त्यानं दिवा लावून घेतला, चांगला मोठा. तरी ती तेच बोलते.

दर अमावास्येला ती दगडांना नवा शेंदूर लावते, जुना न खरवडता वर थर चढवते. काल मी नैवेद्य घेऊन गेले तेव्हा बघितलं, दगड बोट-बोट जाड झालेत आणि मधली जागा कमी झालीये. अंगदच्या सायकलीच्या मुठी घासून लाल झालेल्या असतात. मी म्हटलं, काकू, जरा बेतानं लावा. तुम्ही किटल्यांच्या मापाची वाट ठेवली होती, आता तर किटल्या अडकतील.

छबूबाईनं हातातला शेंदूर दगडावर नीट पसरला.

"किटल्या आता कुठं यायच्यात, माला," ती म्हणाली, आणि वाटीत आणखी थोडं तेल घातलं.